तळाची रांग

सियागंजात, लोखंडवाला आणि रेशिमवाले यांच्या गोदामात,
नळ्या कुणी मोजत नसे.
तळाची रांग तेवढी मोजत.
बावीस.
तिच्या खोबणींत एकवीस, त्यांच्यावर वीस,
असं चढत चढत सगळ्यात वर एकटी एक,
कबुतरांच्या शिटेची धनीण.

दादा म्हणत, बावीसच्या शेजारी तेवीस बसव,
गुणून निमकी घे.
दोनशे त्रेपन्न.
मी फरशीवर खडूने पडताळा घेत बसे,
गल्ल्यावरून हातिमभाई हसत,
"लिख ले बेटा, तेरे बाप का हिसाब लोहे से सख्त है."

मला तेव्हा एकच हट्ट होता:
असा ढीग हवा, जो ठेल्यांवर सारखा वाटताच येणार नाही.
सगळा एकाच ठेल्यावर, नाहीतर नळीमागे एक ठेला,
तिसरी तोड नाही.
तीनचा सापडला.
मग सहा, दहा, पंधरा, एकवीस, सगळे फुटले.
एक्क्याण्णव बराच वेळ ताठ उभा होता,
शेवटी सात ठेलेवाले आले
आणि तेरा-तेरा घेऊन गेले.
सहामाहीपर्यंत वही भरली.
तीनच्या पुढे मूळ संख्येचा ढीग नाही.

"कसा असेल?" दादा म्हणाले, "ढीग नेहमी दोघांचा.
एक तळाचा, एक त्याच्या शेजारचा."
मी विचारलं, दोघांत सामाईक काय?
"एक," ते म्हणाले. "नुसता एक."

बावीस आणतो दोन आणि अकरा.
तेवीस आणतो तेवीस, त्याच्याकडे दुसरं काही नाहीच.
निमकीत दोन गळतो,
उरलेल्यांत कुणाचा कुठला हे कायम कळतं.
इतकी वर्षं एका छपराखाली,
पण चतुर्थीचा उपास आणि रोजा
एकमेकांच्या वहीत कधी चढले नाहीत.

तेवीसची खोडही तेव्हाच कळली.
तळाला बावीस, तो हजर.
तेवीस, तो हजर.
नंतर एकवीस ढीग त्याचा पत्ता नाही,
पंचेचाळीसला पुन्हा दारात,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

मग प्लास्टिकच्या नळ्या आल्या.
भांडण झालं नाही. गिऱ्हाईक येईना, इतकंच.
वजनकाटा त्यांना, तिजोरी आम्हाला,
उधारीची वही भर दुपारी मधोमध उसवली.
शेवटचा ढीग बावीसचाच होता.
एकशे सव्वीस. एकशे सव्वीस.
लखन हमालाच्या खांद्यावर ती वरची राहिली.
"इसका क्या करूँ, भिया?"
विकून टाक म्हणायला दोघांचीही जीभ वळेना.
आणि तू घे म्हटलं
तर दुसऱ्याचा हिशेब चुकणार.

म्हणून ती एक वर्ष सैफी नगरात,
एक वर्ष सुदामा नगरात.
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ठेल्यावर आडवी,
शेपटाला लाल चिंधी, निम्म्या इंदूरला वळसा.
त्यांच्या गच्चीवर तिच्यावर रिदा वाळत,
आमच्याकडे आईची नऊवारी.
हातिमभाई गेले ते वर्ष आमचं होतं.
दादांनी तरी ती पोहोचवली,
ठेल्यामागून चालत,
जवाहर मार्गावर मागचे हॉर्न वाजवत राहिले.

आता दादाही नाहीत.
काल सकीनाचा फोन आला,
ताई, पिकअप पाठवतेय, दोन वाजता.
मी शेंदरी रंगाचा डबा उघडला,
वाळायला घातलेले टॉवेल काढले,
आणि गंज खरवडून बघितलं:
दोन्ही टोकांचे आटे
अजून शाबूत आहेत.